बस्ता बांधण्याआधी आभाळ बघा

तुळशीचं लग्न लागलं की लगीनसराईला तोंड फुटतं आणि एप्रिल-मे उजाडला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत तिला उधाण येतं. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, कांदा वखारीत गेलेला असतो, पोरांना सुट्ट्या लागलेल्या असतात. घोड आणि भीमेच्या काठी पारा चाळिशी ओलांडतो, तोही याच दिवसांत. अशा भर दुपारी, साडेबारा-पाऊणच्या मुहूर्तावर, नवरदेव अस्तर लावलेल्या मखमली शेरवानीत उभा असतो. नवरीच्या घागऱ्याला आतून जाळीचे थर असतात, करवल्या जॉर्जेटमध्ये असतात आणि पाच-सहा वर्षांची पोरं गळ्यापर्यंत बटणं लावलेले जोधपुरी कोट घालून पाणी मागत फिरतात.

हे कपडे देखणे आहेत, यात वाद नाही. पण ते घडले उत्तर भारतातल्या लग्नांसाठी. दिल्ली-लखनौकडची लगीनसराई नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी थंडीत भरात असते. तिथे मखमल, अस्तर, जड जरदोसी हे सगळं अंगाला ऊब देतं. चित्रपटांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून तीच फॅशन आपल्याकडे आली, मात्र तिच्यासोबत तिथली थंडी आली नाही. तिकडच्या माघातला पोशाख आपण इकडच्या वैशाखात घालतो आणि त्याला ‘या सीझनचा ट्रेंड’ म्हणतो.

फॅशन करूच नये, असं इथे मुळीच म्हणायचं नाही. नटण्याची हौस ही जगण्याची हौस आहे आणि दुष्काळाची सवय असलेल्या या पट्ट्यात ती टिकून राहिली याचं कौतुकच करायला हवं. म्हणणं एवढंच, की हंगामी फॅशन असेल तर हंगाम आपला असावा.

तो हंगाम पुण्याचाही नाही. शिरूर पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, दौंड त्याहून थोडं लांब. पण सह्याद्रीला अडलेला पाऊस इथवर येईतो रिता झालेला असतो. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. जून-जुलैत पुण्यातल्या पुरवण्या रेनकोटांनी आणि रबरी बुटांनी भरतात, तेव्हा इथे भणाणता वारा आणि भुरभुर एवढंच पदरी पडतं. खरा आधार सप्टेंबरमधल्या परतीच्या पावसाचा. हिवाळ्यात पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि दुपारी पुन्हा ऊन चटके देतं. म्हणजे इथल्या माणसाला वर्षातले सात-आठ महिने कोरडी हवा, कडक ऊन आणि दिवस-रात्रीतला मोठा फरक यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. कपड्यांचा विचार इथून सुरू व्हायला हवा.

विज्ञान साधं आहे. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती कापड घाम शोषतं, कोरडी हवा तो उडवून नेते आणि अंग गार पडतं. पॉलिएस्टरच्या घट्ट विणीखाली तोच घाम कातडीवर साचून राहतो. दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. हवा अंगाहून गरम असेल तेव्हा कमी कपडे घालून गारवा मिळत नाही, अंग झाकणारे सैल कपडे जास्त कामी येतात. बिनबाह्यांच्या ब्लाउजपेक्षा सैल, कोपरापर्यंतच्या बाह्यांचा सुती ब्लाउज एप्रिलच्या मांडवात सुखाचा ठरतो, तो यामुळेच.

हे शास्त्र इथल्या कष्टकरी बायकांना कोणी शिकवलेलं नाही, तरी ते त्यांच्या अंगावर दिसतं. गाळप हंगाम सुरू झाला की बीड आणि नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दौंडच्या बागायती पट्ट्यात उतरतात. पाटस, आलेगाव, शिरूरकडे न्हावरे, जिथे जिथे साखर कारखाना उभा राहिला तिथे तिथे त्यांच्या कोप्या पडत आल्या. फडात शिरताना बाई साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोकं-कान रुमालाने आवळून घेते आणि पदर-निऱ्या खोचते. उसाच्या पाचटाची धार हात कापते, त्याला शर्टाची बाही आड येते. डिसेंबरच्या पहाटे तोच शर्ट ऊब देतो आणि दुपारी ऊन अडवतो. थंडी, ऊन आणि काम या तिन्हींचा एकाच पोशाखात इतका नेमका विचार फार थोड्या ठिकाणी दिसेल. ‘गरिबीचा अवतार’ म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांनी पुन्हा एकदा नीट बघावं. सुती साडीवर सैल, पूर्ण बाह्यांचा, समोरून उघडा शर्ट शहरातल्या मोठ्या दुकानांत आता हौसेचा पोशाख म्हणून टांगलेला दिसतो.

दुसरं उदाहरण आषाढीच्या वाटेवरचं. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते, गाव पिठलं-भाकरीनं वारकऱ्यांचं स्वागत करतं आणि दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडची वाट धरते. दौंड तालुक्यातल्या त्या दोन दिवसांत रस्ताभर दिसतं ते पांढरं धोतर, सैल पैरण, टोपी, खांद्यावर उपरणं आणि बायकांच्या अंगावर रोजच्या वापरातली नऊवारी. पांढरा रंग ऊन परतवतो. धोतराला हवा लागते आणि ओलं झालं तर ते वाऱ्यावर लवकर वाळतं. पाऊस आलाच तर प्लॅस्टिकचं इरलं असतंच, आणि तिथे प्लॅस्टिकच बरं. पावसाळ्यात नायलॉनचा कोट, पटकन वाळणारी सिंथेटिक सलवार यांना नावं ठेवण्याचं कारण नाही.

तिसरं उदाहरण पुणे-नगर रस्त्यावर रोज सकाळी दिसतं. शिक्रापूर, रांजणगावकडे कामाला निघालेल्या, दुचाकीवरच्या मुली आणि बाया अंगात सनकोट, तोंडाला स्कार्फ आणि हातमोजे घालून असतात. पुणे परिसरात रुजलेला हा पोशाख फॅशनच्या कुठल्याच यादीत नसतो, पण आपल्या हवेतून जन्मलेली या काळातली सगळ्यात यशस्वी फॅशन हीच आहे. चांगल्या सुताचा, फिकट रंगाचा, नीट कापलेला, खिशांना जागा असलेला सनकोट शिवण्यावर इथल्या टेलरांनी आणि शिवणक्लास चालवणाऱ्या ताईंनी डोकं लढवावं. गिऱ्हाईक दारात उभं आहे.

जुन्या रिवाजांनाही हंगाम कळत होता. संक्रांतीला काळी साडी का, तर काळा रंग ऊन धरून ठेवतो आणि जानेवारीच्या गारठ्यात ते हवंसं असतं. एरवी मंगल कार्यात वर्ज्य असलेला रंग त्या एका सणाला मानाचा होतो. घोंगडीचंही तसंच. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीची घोंगडी मेंढपाळाचं अंथरूण होते, पांघरूण होते आणि भुरभुरीत डोक्यावरची खोळही होते. आज त्या लोकरीला भाव नाही. माळावरच्या पहाटेला मात्र ती अजून पुरून उरते.

आणि रिवाज नवे घडवताही येतात. नवरात्रातले नऊ रंग आज इतके अंगवळणी पडले आहेत की ते देवीच्या पोथीतलेच वाटावेत. प्रत्यक्षात वारांशी जोडलेल्या रंगांवरून ही कल्पना या शतकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’ने उचलून धरली आणि काही वर्षांत बँक, शाळा, लोकल, बाजार समिती सगळीकडे बायका एका दिवशी एका रंगात दिसू लागल्या. एक वृत्तपत्र ठरवतं आणि राज्यभरातल्या बायकांची कपाटं रंगांनुसार लागतात! मग वैशाखातलं लग्न सुती कपड्यांत व्हावं, ही चाल पाडणं अशक्य कसं?

खरी अडचण आहे ती दुसरीकडे. हातमागाचं चांगलं सुती कापड स्वस्त नाही. कडक सुती साडीला खळ घाला, इस्त्री करा, आणि ते काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं. पॉलिएस्टरची साडी धुवा, झटका, नेसा. त्यामुळे बायका सिंथेटिककडे वळल्या यात त्यांचा दोष नाही, त्यांचा वेळ वाचला. म्हणून सुती म्हणजे कडक कांजीची साडी हा हट्ट सोडायला हवा. मऊ मलमल खळीशिवाय नेसता येते. चुरगळलेली दिसते म्हणून फोटोत नको वाटते, हा आक्षेपही ऐकू येतो. पण घामानं ओघळलेला मेकअप आणि पाठीला चिकटलेला ब्लाउज फोटोत जास्त वाईट दिसतो.

पैशाचा प्रश्न सोडवायचा तर बस्त्याची यादी उघडावी लागेल. शिरूरकरांच्या एका हाताला पुण्याचा लक्ष्मी रोड आणि दुसऱ्या हाताला नगरचा कापड बाजार. कुठेही बसा, बस्त्यातला मोठा गठ्ठा असतो तो ‘देण्याघेण्याच्या’ साड्यांचा. बहुतेक सुरतेकडून आलेल्या, चकचकीत, सिंथेटिक. या साड्या नेसण्यासाठी घेतलेल्याच नसतात. मामीकडून आलेली आत्याकडे जाते, आत्याकडची पुढच्या लग्नात विहिणीकडे आणि घडी न मोडता ती तालुकाभर फिरते. पुरुषांच्या टॉवेल-टोपीची तीच गत. ज्या कापडाचा कोणालाच उपयोग नाही त्यावर कर्ज काढून खर्च करणं हा मानपान नव्हे. ही यादी निम्म्यावर आणली, तर उरलेल्या पैशात जवळच्या माणसांना खरोखर वापरता येईल असं सुती लुगडं, सोलापूरचा चांगला टॉवेल किंवा चादर देता येते.

माल शोधायला लांब जायला नको. दौंड जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग सोलापूरकडे जातो, दुसरा मनमाडकडे आणि त्या दुसऱ्या मार्गावर पैठणीचं येवला आहे. सूत आणि रेशीम या दोन्हींच्या पेठा एकाच स्टेशनाशी जोडलेल्या, असं भाग्य फार थोड्या गावांचं. याच तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळलेल्या मुली-बायकांना त्यांनी तिथे आसरा दिला आणि त्यांच्या हाताला जी कामं दिली त्यांत विणकामही होतं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. त्या स्वतः साध्या पांढऱ्या लुगड्यात वावरल्या आणि त्या साधेपणानं त्यांचा दरारा तसूभरही कमी झाला नाही.

तेव्हा उन्हाळ्यातल्या लग्नात घालायचं काय? नवरदेवाला बिनअस्तराचा सुती किंवा तलम रेशमी सदरा, धोतर किंवा सैल सुती पायजमा आणि उपरणं. डोक्याला खऱ्या सुती कापडाचा, माणसाच्या हातानं बांधलेला फेटा, कारण आत पुठ्ठा घातलेल्या तयार फेट्यातून हवा जात नाही. नवरीनं पैठणी जरूर नेसावी, रेशीमही घाम शोषतं. पण विधी आटोपले की मऊ सुती नऊवारी किंवा खणाचा काठ लावलेली साडी नेसून जेवणावळीत फिरावं. हळदीच्या एका तासासाठी पिवळा सिंथेटिक घागरा विकत घेणं तर पूर्ण टाळावं. हळद सुती कापडावर खुलते आणि ते कापड नंतर घरात वापरात राहतं. मांडवामागे चुलाणाजवळ राबणाऱ्या बायकांच्या अंगावर तर सिंथेटिक साडी नकोच. ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. लहान मुलांना कोट नको, सुती झबलं-सदरा पुरे. आणि मुहूर्ताचं गुरुजींशी बोलता येतं. दुपारऐवजी गोरज मुहूर्त धरला तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा जीवही वाचतो.

येत्या लगीनसराईत दोन्ही तालुक्यांतल्या घरांनी एवढं करावं: याद्यांची बैठक होईल तेव्हा मानपानाच्या यादीत ‘देण्याघेण्याच्या साड्या बंद’ ही ओळ दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या हाताने लिहावी आणि पत्रिकेत तिथीखाली छापावं, ‘सुती कपड्यांत यावे’.