तुळशीत भांग

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. आता दिसतंय चांगलं, त्यामुळे टंकलेखनाच्या चुका सापडल्या तर दोष डोळ्यांना देता येणार नाही.

आजचा विषय पाहून काही नातेवाईक लगेच फोन उचलतील. त्यांना विनंती, की आधी शेवटपर्यंत वाचा. ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्या भाच्याची परवानगी घेतली आहे. "मावशी, लिही बिनधास्त, नाहीतरी सगळ्यांना माहीतच आहे," असं तो म्हणाला. ते खरंच आहे. दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा आमच्या वन्संनी त्याच्या नावाने "तुळशीत भांग" म्हटलंच होतं. मी पस्तीस वर्षं वर्गात हा वाक्प्रचार शिकवला, वाक्यात उपयोग करून घेतला, पण तो कोणासाठी शब्दशः खरा ठरेल असं कधी वाटलं नव्हतं.

तर झालं असं. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जर्मनीत असतो. तिथे १ एप्रिल २०२४ पासून अठरा वर्षांवरच्या माणसाला राहत्या घरी गांजाची तीन झाडं लावायची मुभा मिळाली. याच्या बाल्कनीत आधी टोमॅटो आणि मिरच्या असायच्या. हा मुळात नाशिककडच्या कांदेवाल्याचा मुलगा, त्याला कुंडी रिकामी बघवत नाही. लावली तीन रोपं.

जून महिन्यात त्याने फोटो पाठवला. "मावशी, हे नुसतं उभंच वाढतंय, काय करू?" कसलं रोप आहे ते त्याने सांगितलं नाही आणि माझ्या तेव्हाच्या डोळ्यांना झेंडू आणि भेंडी यातला फरकही जेमतेम कळत होता. मी आपलं सवयीने सांगितलं, "अरे, शेंडा खुड की. शेवंतीला नाही का आपण खुडत?" शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोर धरतात, झाड पसरतं आणि एका बोंडाच्या जागी दहा येतात. जुलैमध्ये पुन्हा फोटो. मी म्हटलं, आता नत्राचं खत आवर, नाहीतर पालाच माजेल. म्हणजे मंडळी, जे पीक पुढे आलं त्यात माझाही वाटा आहे. नंतर त्याने खरं नाव सांगितलं तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच फोन करून विचारलं, कळ्या आल्या का!

काय करणार, कुतूहल. हे झाड आहेच तसं. शेवंतीसारखंच ते रात्र मोजतं. रात्री मोठ्या व्हायला लागल्या की फुलावर येतं. आमच्या घरासमोर रस्त्यावर नवा दिवा लागला त्या वर्षी त्या बाजूच्या शेवंतीला कळ्या धरेनात, ते मी पाहिलेलं आहे. गांजाच्या झाडालाही रात्रीचा उजेड असाच खुपतो. आणि पपईसारखी याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. पपईत आपण एखादा नर राखतो. इथे सगळे नर उपटायचे, कारण परागकण मिळाले की मादी बिया धरायला लागते आणि फुलातला तो चिकट राळेसारखा भाग कमी होतो.

ही युक्ती काही परदेशी नाही बरं का. इतिहासाच्या जुन्या शिक्षिकेला इथे गप्प बसवत नाही. इंग्रजांच्या काळात बंगालमध्ये राजशाहीकडे नौगाव नावाच्या भागात (आता ते बांगलादेशात आहे) सरकारी परवान्याने गांजाची शेती व्हायची. तिथे शेतकरी एक खास जाणकार बोलवायचे, त्याचं नाव पोद्दार. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणायचे. तो ओळीओळीतून फिरून नर झाडं ओळखायचा आणि ती काढून टाकली जायची. मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही ही शेती होती. १८९३-९४ साली या सगळ्याची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. त्याने १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि शेवटी सांगितलं, की बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अति करणाऱ्याचं बिघडतं, सरसकट बंदी नको, कर लावा. सरकारला कर आवडतोच. असो.

ऑक्टोबरमध्ये तिकडे पाऊस आणि धुकं सुरू झालं. अशा हवेत ही दाट बोंडं आतून बुरशीने कुजतात, म्हणून भाच्याने एका रविवारी तिन्ही झाडं कापली. पानं काढून नुसती ओली फुलं वजन केली तर एक किलोच्या वर भरली. आणि मग त्याने मला व्हिडिओ कॉल केला. समोर टेबलावर हिरवा ढीग, बाजूला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि हा डोक्याला हात लावून बसलेला.

गंमत अशी, की तिथल्या कायद्याने झाडं तीन दिली, पण घरात वाळलेला माल ठेवायला परवानगी फक्त पन्नास ग्रॅमची. साठपर्यंत दंडावर भागतं, त्यापुढे गुन्हा. घरचं पिकलेलं कोणाला द्यायचं नाही, विकणं तर दूरच. जास्तीचं लगेच नष्ट करायचं. ओली फुलं वाळून साधारण पाचव्या हिश्शावर येतात. म्हणजे याने पाव किलो ओली फुलं ठेवायची आणि बाकी, पाऊण किलोच्या वर, फेकायची. पन्नास ग्रॅम म्हणजे वाण्याकडची वेलदोड्याची पुडी हो! (कॅनडात हिशेब वेगळा आहे. २०१८ च्या त्यांच्या कायद्यात माणशी नाही, घराला मिळून चार झाडं, आणि घरातल्या साठ्याला देशाच्या कायद्यात मर्यादा घातलेली नाही. क्वेबेक प्रांतात मात्र घरी लावायलाच बंदी.)

"मावशी, फेकवत नाही गं," तो म्हणाला. "बाबांनी कांदा रस्त्यावर ओतला होता ना, ते आठवतंय."

मलाही आठवलं. भाव इतका पडला होता की बाजारात न्यायचं भाडं सुटेना. मेहुण्यांनी ट्रॉली उभी केली आणि ओतला सगळा. त्या रात्री ते जेवले नाहीत. पिकवणाऱ्याला पीक टाकताना काय होतं हे बाहेरून कळत नाही. मग तो कांदा असो की आणखी काही.

मी त्याला म्हटलं, "फेक. तुझ्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे." त्याने वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात सगळं कालवलं आणि कचऱ्यात टाकलं. मी फोनवर बसून होते तोवर.

त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला. माझं मत असं झालं आहे, की घरच्या गांजाचं जास्तीत जास्त पीक काढायचं हे खूळच मुळात चुकीचं आहे. भाचा म्हणतो, तिकडे जो तो याच मागे असतो. कोण फांद्या बांधून आडव्या करतो, कोण तंबूत दिवे लावतो, कोण पाच पाच खतं घालतो. कशासाठी? घरात ठेवायचं पन्नास ग्रॅम. शेतकरी उतारा वाढवतो कारण त्याला विकायचं असतं, कर्ज फेडायचं असतं. ज्याला विकायचं नाही, द्यायचं नाही, साठवायचं नाही, त्याने एका झाडाचं पन्नास ग्रॅम काढावं आणि बाकीच्या कुंड्यांत मेथी लावावी. माल जास्त झाला की माणूस तो संपवायला बघतो. लोणच्याची बरणी मोठी असली की ताटात लोणचं जास्त पडतं, तसंच हे. आणि हे लोणचं नाही. डॉक्टर सांगतात की मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि कोवळ्या वयात, रोज, कडक माल ओढणाऱ्यांत भ्रमिष्टपणाचा आजार जास्त दिसतो. मी याची भलामण करत नाही, हे वन्संनी कृपया लक्षात घ्यावं.

कायदा करणाऱ्यांनाही माझं एक सांगणं आहे. त्यांनी रोपं मोजली आणि वजन मोजलं, पण दोन्हींचा मेळ कोणा माळ्याला विचारला नाही. चांगल्या उन्हात, मोठ्या कुंडीत, शेंडा खुडलेलं एक झाड पन्नास ग्रॅमच्या पुढे सहज जातं. तीनची परवानगी देऊन पन्नासवर अडवायचं म्हणजे मुलाला तीन ताटं वाढायची आणि एकच घास खा म्हणायचं. मन लावून काम केलेल्यालाच गुन्हेगार व्हायची भीती.

इथवर लिहून थांबले होते. तीन दिवस हे पान तसंच पडून होतं, कारण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लिहायला जड जातं.

माझ्या शाळेत एक मुलगा होता. पाढे खडखडीत, अक्षर सुंदर. दहावीनंतर शेती करायला लागला. काही वर्षांपूर्वी त्याच्या उसात गांजाची झाडं सापडली. उसाच्या आत लपवून लावलेली, विकण्यासाठीच, यात शंका नाही. कर्ज होतं, मुलीचं लग्न होतं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाचं झाड लावण्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्याबरोबर नसलेली नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत, म्हणून तर भांगेला वाट राहिली. पण त्याच्या शेतातली झाडं उपटून, देठ, पानं, मुळाची माती यांच्यासकट एकदम काट्यावर घातली आणि तो आकडा कागदावर चढला. अशा वजनावरून न्यायालयांत पुष्कळ वाद झालेले आहेत, हे मला नंतर कळलं. वीस किलोच्या वर गेलं की ते व्यापारी प्रमाण धरतात आणि जामीन फार अवघड होतो. तो अडीच वर्षं आत होता.

त्याची बायको माझ्याकडे आली होती. वकिलाने सांगितलं होतं, गावातल्या चार प्रतिष्ठितांकडून वर्तणुकीची पत्रं आणा. "बाई, तुमचं नाव मोठं आहे." मी तिला पाणी दिलं, चहा दिला आणि पत्र दिलं नाही. गांजा म्हटल्यावर माझी सही त्याखाली नको, असं मला वाटलं. तिने जास्त आग्रह केला नाही. पदराने कप पुसून ठेवला आणि गेली.

आणि तीच मी, भाच्याला शेंडा खुडायला सांगितला आणि नाव कळल्यावरही तिसऱ्या दिवशी कळ्यांची चौकशी केली. झाड तेच. भाच्याला वजन जास्त झालं तर कचऱ्याचा डबा होता. याला मुळाची मातीसुद्धा अंगावर आली. २०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती, कारण दुसऱ्या कुठल्या पिकाला भाव नाही. पेपरात वाचून मी तेव्हा हसले होते. आता माझं म्हणणं असं, की लावायची मुभा द्या न द्या, पण शेतकऱ्याच्या शेतातली झाडं तोलताना निदान माती झटका, देठ वेगळे करा, आणि पिकवणाऱ्याला टोळीवाल्याच्या रांगेत बसवू नका. हे पत्र मी तेव्हा लिहायला हवं होतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात भाच्याने एकच रोप लावलं. शेंडा खुडला नाही. बाकीच्या दोन कुंड्यांत मेथी आणि कोथिंबीर.

तो विद्यार्थी आता सुटून आला आहे. केस अजून चालू आहे. बाजाराच्या दिवशी भेटतो, लांबूनच हात जोडून "बाई, बरं आहे ना?" विचारतो. गेल्या आठवड्यात मी थांबले. म्हटलं, "काय लावलंयस यंदा?" तो म्हणाला, "हळद, बाई." मी उतारा कसा आहे ते विचारलं. तो सांगत होता, मी ऐकत होते, आणि त्या पत्राचं मला काही बोलता आलं नाही.