चूक झाल्यावर कोणाकडे जावें?

चौदा ते अठरा हीं वर्षें मोठ्या आनंदाचीं म्हणून वर्णिलीं जातात. परंतु जे या वयाच्या मुलामुलींत नित्य वावरतात त्यांस ठाऊक आहे कीं, तीं तितकींच ओढाताणीचींही असतात. परीक्षेंतील अपयश, मित्राशीं आलेलें वितुष्ट, हातून घडलेलें खोटें, मोबाइलवर लिहून गेलेला एखादा अविचारी शब्द, पाऊस न आल्यामुळें बापाच्या मुद्रेवर दिसणारी काळजी, यांपैकीं कांहींना कांहीं प्रत्येकाच्या वाट्यास येतें. या सर्वांत आम्हांस अधिक भय वाटतें तें चुकीचें नव्हे, तर चुकीनंतर धरलेल्या मौनाचें.

शुभवर्तमानांत एकाच रात्रीं दोन शिष्य पतन पावले. यहूदानें आपल्या गुरूस धरून दिलें. पेत्रानें त्यास तीनदां नाकारिलें. खेद दोघांसही झाला; यहूदानें तर घेतलेले पैसेही परत केले. मग दोघांच्या शेवटांत एवढें अंतर कां? यहूदा आपलें दुःख घेऊन ज्यांच्याकडे गेला त्यांनीं त्यास झिडकारिलें, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्र फार रडला, पण आपल्या सोबत्यांत राहिला. म्हणून पुनरुत्थित प्रभु समुद्रकांठीं आला तेव्हां पेत्र तेथें होता. प्रभूनें त्यास आधीं जेवूं घातलें, मग प्रश्न विचारिले, आणि शेवटीं आपलीं मेंढरें त्याच्या हवालीं केलीं. चुकलेल्या मनुष्यानें एकटें राहूं नये, हा यांतील बोध आमच्या सर्व विद्यार्थ्यांनीं, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, मनांत धरावा.

कोणी म्हणेल, श्रद्धा असेल तर मन खचतच नाहीं. हें आम्हांस मान्य नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास दुष्काळानें त्यांचे आईबाप नेले. पुढें भाऊ गेला. १८८२ सालीं पतिही गेले. १८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. तरी त्यानंतरही कित्येक वर्षें खरी शांति लाभली नव्हती, असें त्यांनीं १९०७ सालच्या आपल्या साक्षींत मोकळेपणानें सांगितलें आहे. अशांत मनानेंच त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें. आणि पुढें दुष्काळांतील शेंकडों मुलींस केडगांवीं आश्रय दिला. तेव्हां, मुलांनो, मन व्याकुळ झालें म्हणून देवानें टाकिलें असें समजूं नका.

आतां पालकांस दोन शब्द. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गांवांवर जो भूकंप ओढवला, तो आपल्या जिल्ह्यास विसरतां येणार नाहीं. त्यांत पडलेल्या कित्येक घरांच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद होत्या. बाहेरून त्या किती भक्कम दिसत! परंतु आंतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतविलेले नव्हते, मधें केवळ माती व चुरा होता. कित्येक कुटुंबांचें असेंच असतें. शिस्त असते, फी वेळेवर भरलेली असते. पण मुलानें मनांतलें सांगावें असा दुवा नसतो. आमचें स्पष्ट मत आहे कीं, खरें बोलणाऱ्या मुलास जें घर पहिल्या वाक्यालाच मारतें, तें त्यास खोटें बोलावयास शिकवितें. चुकीचा परिणाम त्यास भोगूं द्यावा, नुकसान भरून देण्यास लावावें. पण आधीं त्याचें ऐकून घ्यावें, आणि शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यापुढें वाचूं नयेत. दहावींत अनुत्तीर्ण झालेल्यास थोड्याच आठवड्यांत पुन्हां परीक्षा देतां येते. गेलेलें मूल मात्र परत येत नाहीं.

आणि, विद्यार्थ्यांनो, जिवाचें बरेंवाईट करावें असा विचार क्षणभर जरी आला, तरी त्याच रात्रीं आई, आजी, शिक्षक किंवा पाळक यांस उठवा. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावणार नाहीं. तोंडानें सांगवत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर बोला. २०२२ सालापासून सरकारनें चालविलेली ही टेलि-मानस सेवा विनामूल्य व अहोरात्र आहे. वैद्य गांठणें हें अश्रद्धेचें लक्षण नव्हे. ताप आला असतां आपण प्रार्थनाही करितों आणि औषधही घेतों.

ज्या प्रभूनें पेत्रास पुन्हां हांक मारिली, तो तुमचेंही नांव विसरलेला नाहीं. चुकलांत तर उठा, आणि कोणाजवळ तरी जाऊन बसा.