कुलपातले सूर

मैफलींच्या ध्वनिफिती जमविणाऱ्या रसिकांविषयी आमच्या मनात एके काळी निखळ आदर होता. आता तो निम्माच उरला आहे, आणि त्याचे कारण आम्ही येथे आडपडदा न ठेवता मांडणार आहोत. काही स्नेही दुखावतील. त्याला आमचा इलाज नाही.

प्रथम त्यांचे ऋण मान्य करू. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँ १९४६ साली. दोघांच्याही गळ्यातला एक सूर आज ऐकावयास मिळत नाही. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचे गाणेही एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेले. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, तीही तेवढीच. म्हणजे परग्रहावर कोणी श्रोता असलाच, तर केसरबाईंचा सावकाश फुलणारा ख्याल त्याच्याही नशिबी नाही! पुढे टेपरेकॉर्डर आला. कोणा हौशी कारकुनाने, कोणा डॉक्टराने ती जड पेटी मैफलीत वाहून नेली आणि गवयाच्या पुढ्यात मायक्रोफोन ठेवला, म्हणून तासभराचा विलंबित ख्याल, मध्येच पुन्हा जुळविलेला तंबोरा, श्रोत्यांची दाद, सारे जसेच्या तसे टिकले.

मग आमची तक्रार कशाविषयी? फीत घरी आल्यानंतर जे घडते त्याविषयी. ती कपाटात जाते आणि कपाटाला कुलूप लागते. संग्राहकाकडे जाऊन एखादा राग ऐकावयास मागावा, तर पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे काय आहे?" देण्याजोगे काही असेल तर बोलणे पुढे सरकते. गाणे शिकणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने आला असेल, तर चहा पिऊन परत जातो. आम्हांला एकदा मोठ्या मिनतवारीने एक प्रत मिळाली. द्रुत बंदिशीचा मुखडा आला आणि फीत संपली. विचारले तेव्हा ते गृहस्थ हसले. उरलेला भाग त्यांनी जाणूनबुजून राखला होता. आपल्याकडे आहे ते दुसऱ्याकडे पूर्ण असू नये म्हणून. यालाही आपण रसिकता म्हणतो!

या मंडळींचे म्हणणे असे, की फिती सढळ हाताने दिल्या तर कोणीतरी त्या बाजारात विकील. भीती अगदीच खोटी नाही. परंतु तिचे उत्तर जगात सापडलेले आहे. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक वाद्यवृंद १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षे गात-वाजवीत होता. त्यांचे गाणे आमच्या कानाला फारसे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या चाहत्यांनी मैफली टिपण्यास आरंभ केला, तेव्हा वृंदाने त्यांना हाकलून दिले नाही. उलट १९८४ साली त्यांच्यासाठी सभागृहात वेगळी जागा नेमून दिली. अट एकच होती : देवाणघेवाण करा, विक्री नको. आणि नवख्याचे काय? त्याने कोऱ्या फिती आणि परतीचे टपालहशील पाठवावे, जुन्या संग्राहकाने प्रती करून द्याव्यात, अशी चालच तेथे पडली. विकणारे तिकडेही निघाले, परंतु जाणत्या चाहत्यांत त्यांना मान नव्हता. एक रिकामी फीत ही ज्या समाजात पुरेशी पात्रता ठरते, त्याच्याकडून शिकण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

दुसरा आक्षेप गवयाच्या परवानगीचा. ही शंका मैफल टिपताना कोठे गेली होती? १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क मान्य झाला. स्वतःपुरते केलेले ध्वनिमुद्रण कायद्याला चालते. पुढे ते पसरवावयाचे तर कलावंताला विचारले पाहिजे. ठीक, मग विचारा! पहिली प्रत गवयाच्या घरी पोहोचवा. आजोबांचा आवाज नातवंडांनी एखाद्या परक्याच्या दिवाणखान्यात, त्याची मर्जी सांभाळीत ऐकावा, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. शिवाय १९८२ साली स्थापन झालेले ध्वनिसंग्रहालय आता गुरुग्रामला आहे; तेथे अशी ध्वनिमुद्रणे ठेव म्हणून स्वीकारतात आणि ठेवणाऱ्याच्या अटीही लिहून घेतात.

विलंबाला मात्र आता जागा नाही. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत फितीला बुरशी येते, लेप चिकट होतो, वरचा थर सुटतो. स्पूल वाजविणारे यंत्र नादुरुस्त झाले तर सुटा भाग मिळत नाही, आणि तो बसविणारा कारागीर त्याहून दुर्मीळ.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांकडे अशी दोन कपाटे भरलेली होती. बँकेतील नोकरी सांभाळून त्यांनी तीस वर्षे मुंबईच्या मैफली टिपल्या. कोणालाही हात लावू दिला नाही. आम्ही दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी तो हसून टाळला. ते गेले तेव्हा मुले परदेशांतून आली, आठ दिवसांत जागा रिकामी केली, आणि फिती भंगारवाल्याने वजनावर नेल्या. मुलांना आम्ही दोष देत नाही. त्या फितींत काय आहे हे वडिलांनी त्यांना कधी ऐकविलेच नव्हते.

त्यांची नोंदवही तेवढी आमच्याकडे आली. सुवाच्य अक्षरांत तारीख, स्थळ, राग, साथीदार. एका पानावर लिहिले आहे : पहाटे साडेचार, ललत, ५२ मिनिटे, अप्रतिम.