कॅलिपर म्हणजे सामान नव्हे

विमानतळावर ट्रेमध्ये काय काय ठेवायचे, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ असते. मोबाइल, पट्टा, पाकीट, लॅपटॉप. ऑक्टोबर २०१९मध्ये कोलकात्याच्या नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळावर या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली: पोलिओ झालेल्या एका महिलेच्या पायातले कॅलिपर. पोलादी पट्ट्या, मांडीपासून घोट्यापर्यंत आवळलेले चामडी पट्टे आणि खाली त्यांना जोडलेला बूट, असा हा सरंजाम कपड्यांच्या आत असतो. तो उतरवायचा तर आधी पँट उतरवावी लागते. बाईंना तेच सांगण्यात आले. या बाई अपंग स्त्रियांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, म्हणून त्यांनी ठाम नकार दिला आणि गोष्ट वर्तमानपत्रांत आली. अशा प्रसंगी मुकाट्याने पडद्याआड जाणाऱ्यांची बातमी होत नाही.

त्या दिवशी त्यांच्यासोबत जीजा घोष होत्या. ‘सोबत कुणी नसेल तर तुम्हाला विमानात घेता येणार नाही,’ असे घोष यांना सुनावण्यात आले. ऐकवणाऱ्याला समोर कोण उभे आहे याची कल्पना नसावी. अपंग प्रवाशांच्या बाजूने देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्याच या बाई. आणि त्या खटल्याची सुरुवातही याच विमानतळावर झाली होती.

१९ फेब्रुवारी २०१२. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने तिथे भरवलेल्या परिषदेचे त्यांना निमंत्रण होते. ही संस्था म्हणजे १९७२मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सुरू केलेली पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी. स्पाइसजेटच्या विमानात त्या आपल्या जागेवर बसल्याही होत्या. तेवढ्यात कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पास मागितला आणि त्यांना खाली उतरवले. त्यांची प्रकृती ठीक दिसत नव्हती, असा बचाव कंपनीने नंतर केला आणि वैमानिकाच्या अधिकारासाठी १९३७च्या विमान नियमांवर बोट ठेवले. मात्र उतरवण्यापूर्वी डॉक्टरला विचारण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. परिषद हुकली. घोष आणि ‘अडॅप्ट’ थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मे २०१६ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. आर. के. अग्रवाल यांच्या खंडपीठाने कंपनीला दोन महिन्यांत १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निकालाला चार वर्षे लागली, पण तो निःसंदिग्ध होता. आणि निकालानंतर साडेतीन वर्षांच्या आत त्याच शहरात, त्याच बाईंना पुन्हा ‘एकट्या कशा जाणार?’ हा प्रश्न विचारला गेला.

म्हणजे नियम नाहीत, अशी तक्रार करायला इथे जागाच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची अपंग प्रवाशांसाठी स्वतंत्र नियमावली आहे. प्रवाशाने ४८ तास आधी कळवावे, कंपनीने सोय करावी. ज्याला केवळ विमानतळावर मदत हवी आहे त्याच्याकडून वैद्यकीय दाखला मागू नये, हे सगळे तिच्यात आहे. २०२२मध्ये रांचीत एका अपंग मुलाला विमानात घेतले नाही म्हणून एका कंपनीला ५ लाखांचा दंड झाला. त्यानंतर, प्रवाशाची प्रकृती हवेत बिघडेल असे वाटल्यास आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी, हेही नियमात आले. घोष यांच्याच पाठपुराव्यामुळे डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीसाठी कृत्रिम अवयव काढायला लावू नयेत आणि प्रवाशाच्या संमतीशिवाय त्याला उचलू नये. त्याच्या दोनच महिने आधी नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी, प्रत्येक विमानतळावर आपल्याला कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी उघड तक्रार केली होती आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली होती. माफी झाली, निकाल झाला. २०२४च्या सुरुवातीला कोलकाता विमानतळावर चाकाच्या खुर्चीतल्या एका तरुणीला पुन्हा पुन्हा ‘उभ्या राहा’ म्हणून सांगण्यात आल्याची तक्रार आलीच.

सुरक्षेचे काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पोकळ पायात किंवा खुर्चीच्या गादीत काही दडवता येते, हे सुरक्षा दलाला शिकवावे लागत नाही. पण तपासणीतून सूट कुणीच मागत नाही. कापडाची पट्टी कॅलिपरवरून फिरवायची आणि ती स्फोटकांचा माग काढणाऱ्या यंत्रात घालायची, की काम झाले. असे यंत्र विमानतळावर असतेच. रांगेतल्या जवानाला ते वापरायचे की बाईंना पँट उतरवायला सांगायचे, हे त्याला मिळालेल्या प्रशिक्षणावर ठरते. त्याला कुणी शिकवले नसेल तर दोष एकट्या त्याचा नाही, त्याच्या वरिष्ठांचा आहे.

हा प्रश्न कॅलिपरपुरताही नाही. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचे सीपॅप यंत्र, फुप्फुसे दुबळी झालेल्यांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, मधुमेहींचा इन्सुलिन पंप, विजेवर चालणारी खुर्ची: वाढत्या वयाच्या समाजात ही यंत्रे घेऊन फिरणारे वाढणारच. त्यातल्या छोट्या यंत्रांच्या लिथियम बॅटऱ्यांचे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, त्यापुढे १६०पर्यंत कंपनीची परवानगी लागते, सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. प्रवासी हे सगळे वाचून, कागदपत्रे घेऊन येतो. काउंटरपलीकडच्या माणसाने मात्र ते वाचलेले नसते, आणि ‘आत विचारून सांगतो’ म्हणून तो गेला की विमानाची वेळ टळायला लागते.

दंड आणि भरपाई कंपनीच्या खर्चात जिरून जाते. ज्याच्या हुकमावरून अपमान झाला त्याच्या बढतीवर ओरखडाही उठत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२मध्ये चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. या कलमाखाली गुन्हा नोंदवण्याची वेळ येऊ नये, पण ते आहे याची आठवण प्रत्येक तपासणी टेबलावर ठळक अक्षरांत, स्थानिक भाषेत चिकटवली पाहिजे. प्रवाशांनीही नियमावलीची प्रत जवळ ठेवावी, अडवणाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून घ्यावी आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअर सेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आणि रांगेत मागे उभे असलेल्या आपण सगळ्यांनी घड्याळाकडे बघत उसासे टाकण्याऐवजी त्या प्रवाशाच्या बाजूने दोन शब्द बोलावेत.