पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास

‘लोकेशन पाठव’ हे वाक्य आता ‘जेवलास का?’ इतकं सहज झालंय. पण त्यात दोन वेगवेगळ्या मागण्या लपलेल्या असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो, असं माझं मत आहे. घर सापडत नाही म्हणून मागितलेलं लोकेशन ही एक. आणि तू सांगतेस तिथंच खरोखर आहेस का, हे बघायला मागितलेलं लोकेशन ही दुसरी. पहिलीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मुंबईसारख्या शहरात तर तिच्याशिवाय पान हलत नाही. हा लेख दुसरीबद्दल आहे.

पुष्कळांना वाटतं, वरून उपग्रह आपल्याला बघत असतो. तसं काही नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त सांगत असतात : मी इथं आहे आणि आत्ता एवढे वाजलेत. आपला फोन ते ऐकतो, संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो, आणि निदान चार उपग्रहांचं ऐकून आपली जागा ठरवतो. तीन अक्षांसाठी तीन उपग्रह, आणि चौथा फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. आपल्या इस्रोची नाविक यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. मुद्दा असा, की उपग्रहाला तुमचा पत्ताच नसतो. तो कळतो तुमच्या फोनला. तिथून पुढं तो कुणाकडे जातो, हे माणसं ठरवतात, कधी विचारून, कधी न विचारता.

उपग्रह नीट मिळाले नाहीत की फोन वाय-फाय आणि मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतो. आता टॉवरची गंमत आम्हा सीमेवरच्यांना विचारा. मी संकेश्वरची. मंडळात बहुतेकांना हे गाव मिरचीमुळे ठाऊक. पुणे-बंगळूर हायवेवर, हिरण्यकेशीच्या काठी, तालुका हुक्केरी, जिल्हा बेळगाव. (१ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी. आमच्या तोंडी बेळगावच.) गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर महाराष्ट्र. माणसांनी इतकी वर्षं भांडून ठेवलेली ही हद्द टॉवरला कळत नाही, आणि फोन ज्याची रेंज बरी तो टॉवर धरतो. रोमिंगला पैसे पडायचे तेव्हा हद्दीवरच्या गावांत माणसाला घरात बसल्या बसल्या रोमिंग लागायचं. माणूस कर्नाटकात, फोन महाराष्ट्रात! टॉवर लांब लांब असले की हा अंदाज कधी कधी किलोमीटरच्या हिशोबात चुकतो.

हे सगळं सांगायचं कारण माझी मावसबहीण. ती निपाणीला शिकते, बसनं ये-जा करते. एका संध्याकाळी तिचा निळा ठिपका नकाशावर एका जागी थांबला तो हलेचना. रेंज गेली होती, बाकी काही नाही. पण तेवढ्या वेळात काकांनी तिच्या तीन मैत्रिणींना फोन केले, एका मैत्रिणीच्या वडिलांना केला, आणि बस स्टँडवर आली तेव्हा ते गाडी घेऊन उभेच होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘उद्यापासून आठ तासांचं ठेवायचं.’’

व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशनला तीन पर्याय असतात : पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. पंधरा मिनिटं मीही वापरते. रात्री अनोळखी रिक्षात बसले की घरी पाठवून देते, आणि पाठवताना बरं वाटतं. तो निर्णय माझा असतो, त्याला कारण असतं आणि तो संपतो. आठ तास म्हणजे अख्खं कॉलेज. तिचा सख्खा भाऊ त्याच बसनं जातो, त्याला लोकेशन कुणी विचारत नाही. तो म्हणतो, ‘‘माझं काय बघणार?’’ बरोबरच आहे.

काकांची भीती खोटी नाही. शेवटची बस चुकली तर काय, हा प्रश्न आमच्याकडे खराच आहे. पण भीती खरी असली म्हणजे उपाय बरोबर असतोच असं नाही. ८ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात सांगितलं, की जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅप्सवर आपल्या जागेची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसू द्यावी, अशी अट घालता येणार नाही. ती त्याच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा आणते. त्या खंडपीठात न्यायमूर्ती अभय ओक होते, जे त्याआधी कर्नाटक हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. हा निकाल सरकारपुरता, घराला लागू नाही, हे मला कळतं. तरी आरोपीच्या बाबतीत कोर्टाला जे जास्त वाटलं, ते एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आपल्याला रोजचं वाटावं, हे मला पटत नाही.

बहिणीनं एकदा काकांना म्हटलं, ‘‘मग तुमचंबी पाठवा की. मलाबी काळजी असते.’’ सगळे हसले. मला तर ती मागणी अगदी वाजवी वाटते. दोघांचं दोघांना दिसू दे, नाहीतर दोघांनीही गरजेपुरतं पाठवावं. काकांनी अजून पाठवलेलं नाही.

दरम्यान मुलींनी त्यांचा मार्ग काढलाय. ठिपका फोनचा असतो, मुलीचा नव्हे. कुठं जायचं असलं की फोन मैत्रिणीच्या बॅगेत, वर्गात. नकाशावर पोरगी दिवसभर बाकावर बसलेली. आणि ती मात्र निपाणीच्या बाजारात किंवा आणखी कुठं, खिशात फोन नाही, काही झालंच तर ११२ लावायलाही नाही. तिला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, ‘‘वाटते की. पण तेवढे दोन तास कुणी बघत नसतंय.’’