रोजचे मीठ, रोजचे दूध

संगणकाविषयी लिहावे ते विज्ञान शाखेच्या मुलांनी, असा आपल्याकडे समज आहे. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, कारण त्याची झळ मला लागली आहे.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. आमच्या वस्तीवर मोबाईलची रेंज विहिरीच्या कठड्यापाशी तेवढी मिळते. अर्जाची पाने सहा. प्रत्येक पानाबरोबर तेच बोधचिन्ह, तीच मान्यवरांची छायाचित्रे, तोच रंगीत मथळा पुन्हा पुन्हा उतरत राही. चौथ्या पानापर्यंत पोहोचावे तोच 'वेळ संपली' अशी सूचना येई आणि पुन्हा श्रीगणेशा! असे तीनदा झाले. अखेर वडिलांनी मजुरी बुडवून मला तालुक्याला नेले. तेथील इंटरनेट केंद्रात चुकून मागे जाण्याचे बटण दाबले गेले, तर माझ्या आधी बसलेल्या मुलीचा भरलेला अर्ज समोर आला. नाव, पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, सारे काही! मी घाईने ते पान मिटले. माझा अर्ज गेला खरा. पण मनात प्रश्न राहिला. ज्याची साठवण व्हायला हवी ते पुन्हा पुन्हा येते आणि ज्याची मुळीच होऊ नये ते मात्र मागे राहते, हा उफराटा न्याय कोणाचा?

आमच्या संगणक कक्षातील दादांना मी हे विचारले. त्यांच्याकडून समजले ते असे. ब्राउझरपाशी स्वतःची एक साठवण असते, तिला 'कॅश' म्हणतात. कोणती वस्तू किती काळ ठेवावी, हे सर्व्हर प्रत्येक वस्तूबरोबर कळवू शकतो. 'कॅश-कंट्रोल' नावाची ही सूचना 1997 साली एचटीटीपीच्या 1.1 या आवृत्तीत आली. तिच्यात मुदत सेकंदांत लिहितात. 3,15,36,000 लिहिले की एक वर्ष. मुदत संपली तरी ब्राउझर आधी विचारू शकतो, 'यात काही बदल झाला का?' नसेल तर सर्व्हर 304 एवढा आकडा कळवतो आणि जुनीच प्रत कामी येते. याउलट 'नो-स्टोअर' म्हटले की ब्राउझरने ती वस्तू साठवायची नाही.

आमच्या आईला हे कोणी शिकवले नाही. मीठ, हळद, मोहरी तिच्या मिसळणाच्या डब्यात असतात; दूध तेवढे रोज आणावे लागते. दुधासाठी जाताना ती रोज मीठही विकत आणू लागली तर शेजारीण काय म्हणेल? बोधचिन्ह, मथळा, अक्षरांचे वळण हे पानाचे मीठ. माझे नाव, माझे गुण हे पानाचे दूध. पण सर्व्हर दोन्ही एकत्र कालवून एकच पान पाठवू लागला, तर ब्राउझरने निवडावे कसे? म्हणून सांगाडा वेगळा आणि माहिती वेगळी पाठवावी, असे माझे मत आहे.

हिशेबच करू. समजा, एक पान 2 एमबीचे आहे आणि त्यात माझी माहिती 50 केबी. सहा पानांना 12 एमबी लागतील. सांगाडा एकदाच आणला तर सव्वादोन एमबीत काम भागेल. विहिरीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या मुलीला हा फरक केवढा आहे, हे शहरातल्या वेगवान जोडणीवर पान तपासणाऱ्याला कसे कळावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, आता डेटा स्वस्त झाला आहे. झाला असेल, पण रेंज विकत मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साठवलेले शिळे होते. नियम बदलला आणि विद्यार्थ्याला जुनाच दिसला तर? ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय आहे. चित्र किंवा मांडणी बदलली की तिच्या फाईलचे नाव बदलावे. नवे नाव दिसताच ब्राउझर नवी प्रत आणतो. अंतिम तारीख, नियम यांची मात्र दर वेळी विचारणा व्हावी. आणि ज्यात कोणाचे नाव, खाते, गुण आहेत, त्यावर 'नो-स्टोअर' हवेच. त्या अनोळखी मुलीच्या जागी मीही असू शकले असते.

आपल्यापैकी काही जण उद्या अधिकारी होतील, काही जण अशी पाने बनवून घेणाऱ्या कार्यालयांत बसतील. तेव्हा पान किती देखणे झाले, एवढेच विचारू नका. दुसऱ्यांदा उघडताना त्यातले काय पुन्हा आले आणि उठून गेल्यावर मागे काय राहिले, हेही विचारा. त्या दिवशीची वडिलांची मजुरी परत येणार नाही. पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या वडिलांची तरी बुडू नये.