अनिवासी

थोरला नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झाला, तरी त्याचे अंबडचे जुने बचत खाते आम्ही तसेच ठेवले होते. हिला वाटे, खाते आहे तोवर पोरगा गावचाच. पण १९९९ च्या फेमा कायद्याखालील नियमांनुसार असे खाते एनआरओ करून घ्यावे लागते. इथले घरभाडे त्यात जमा होते आणि व्याजावर कर बसतो. तिकडची कमाई एनआरई खात्यात ठेवता येते, त्याचे व्याज इथे करमुक्त असते.

शेवटी त्याच्या सहीचा अर्ज आला. त्यावरचा 'अनिवासी' शब्द वाचून ही गप्प झाली. तरी माझे मत असे की, आईवडिलांनी हे टाळू नये. पुढे निस्तरावे लागते ते मुलालाच. खात्याचे नाव बदलले म्हणून पोरगा थोडाच परका होतो?